बॅकअप चालू असताना डेटाबेस ताटकळू नये म्हणून: लिनक्समध्ये प्रोसेसच्या गटाला डिस्कची मर्यादा कशी घालायची

रात्री बॅकअप सुरू होतो आणि त्याच मिनिटाला डेटाबेसची उत्तरं उशिरा यायला लागतात. प्रोसेसर जवळजवळ रिकामा असतो, मेमरी शिल्लक असते, तरी सगळं अडखळतं. अडलेली असते ती डिस्क. तिच्या रांगेत बॅकअपच्या हजारो मागण्या उभ्या असतात आणि डेटाबेसची एक छोटीशी मागणी त्यांच्या मागे ताटकळते. बॅकअपला घाई नसते, डेटाबेसला असते, पण रांगेला ते कळत नाही.

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, यासाठी सोय आहे. काही प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामांचा, गट करायचा आणि त्या गटाला सांगायचं की डिस्कवरून सेकंदाला एवढंच वाचायचं, एवढंच लिहायचं. ही सोय शून्यापासून कशी वापरायची ते इथे सांगतो. मी पहिल्यांदा मर्यादा लावली तेव्हा आकडा फाइलीत व्यवस्थित दिसत होता आणि डिस्क मात्र पूर्वीसारखीच गुदमरत होती. म्हणून मर्यादा खरंच लागली की नाही हे तपासण्यावर या लेखात जास्त जागा खर्च केली आहे.

लिपीबद्दल आधी एक सूचना. कमांड, फाइली आणि पर्याय यांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत टाइप करायची.

गट कशासाठी?

पुष्कळांना आयओनाइस ही कमांड माहीत असते. ती एका प्रोसेसला डिस्कच्या रांगेत मागे ढकलते. पण तिच्या तीन अडचणी आहेत. ती फक्त प्राधान्य सांगते, वेगाचा आकडा सांगत नाही. डिस्कचा शेड्यूलर, म्हणजे मागण्यांचा क्रम ठरवणारा कर्नलचा भाग, प्राधान्य मानणारा नसेल, तर तिचा काहीच परिणाम होत नाही. आणि ती प्रोसेसगणिक हिशेब करते, त्यामुळे दहा प्रोसेस असतील तर दहा वेगळे हिशेब होतात.

बॅकअपची स्क्रिप्ट ही कधीच एक प्रोसेस नसते. शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) फाइली एकत्र बांधणाऱ्या टारला बोलावतं, टार त्या आवळणाऱ्या जीझिपला, शिवाय फाइलींच्या प्रती करणारं आरसिंक असतं. कंट्रोल ग्रुप, म्हणजे सीग्रुप, हा या सगळ्यांचा एकत्र हिशेब ठेवतो. गटातल्या प्रोसेसने जन्माला घातलेली प्रत्येक नवी प्रोसेस आपोआप त्याच गटात येते. मुलं कितीही झाली तरी वाटा एकच राहतो.

सीग्रुप कर्नलमध्ये आले ते २.६.२४ या आवृत्तीत, जानेवारी २००८ मध्ये. त्याआधी २००६ पासून गूगलमधल्या अभियंत्यांचं त्यावर काम चालू होतं. डिस्कच्या वेगावर कमाल मर्यादा घालण्याची सोय २.६.३७ मध्ये, २०११ च्या सुरुवातीला आली. त्यानंतर रचना नव्याने बांधली गेली आणि मार्च २०१६ च्या ४.५ आवृत्तीपासून सीग्रुपची दुसरी पिढी अधिकृत झाली. हा लेख दुसऱ्या पिढीबद्दल आहे. पहिल्या पिढीत डिस्कच्या मर्यादेत एक मोठं भोक होतं, ते पुढे येईलच.

पायरी १: तुमच्याकडे कोणती पिढी आहे?

टर्मिनलवर लिहा:

स्टॅट -एफसी %टी /सिस/एफएस/सीग्रुप

(इथला टी मोठ्या लिपीतला.) उत्तर "सीग्रुप२एफएस" आलं तर दुसरी पिढी आहे, पुढे चला. "टीएमपीएफएस" आलं तर यंत्रणा अजून जुन्या पद्धतीवर आहे. फेडोरा ३१, डेबियन ११, उबुंटू २१.१० आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ पासून दुसरी पिढी मुळातच चालू असते. तुमची यंत्रणा याहून जुनी असेल, तर जुन्या पद्धतीशी झटापट करण्यापेक्षा यंत्रणा अद्ययावत करण्यात वेळ घालवा असंच मी सांगेन.

पायरी २: दोष डिस्कचाच आहे ना?

मर्यादा घालण्याआधी मोजा. आधीचा आकडा नसेल तर नंतर फरक पडला की नाही हे कशावरून ठरवणार?

सर्वांत सोपी फाइल म्हणजे /प्रॉक/प्रेशर/आयओ. ४.२० आवृत्तीपासून कर्नल ती देतं. कॅट कमांडने उघडली की दोन ओळी दिसतात. "सम" या ओळीत, निदान एखादी तरी प्रोसेस डिस्कची वाट बघत अडकली होती असा वेळ किती टक्के होता ते असतं. "फुल" या ओळीत, कामात असलेल्या सगळ्याच प्रोसेस एकाच वेळी अडकल्या होत्या असा वेळ किती होता ते असतं. प्रत्येक ओळीत गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांच्या सरासऱ्या येतात. काही वितरणांत (डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या तयार संचांत) ही सोय बंद असते. तिथे बूट करताना कर्नलला पीएसआय=१ हा पर्याय द्यावा लागतो.

बॅकअप नसताना आणि बॅकअप चालू असताना, असे दोन्ही वेळा हे आकडे टिपून ठेवा. जोडीला सिसस्टॅट या पॅकेजमधली आयओस्टॅट कमांड -एक्स पर्यायासह चालवून "आर_अवेट" आणि "डब्ल्यू_अवेट" हे रकाने बघा. एका मागणीला सरासरी किती मिलिसेकंद लागले ते त्यात कळतं. "%युटिल" या रकान्यावर मात्र एसएसडीच्या बाबतीत भिस्त ठेवू नका. एसएसडी एकाच वेळी अनेक मागण्या हाताळते, त्यामुळे तिथे १०० टक्के दिसलं तरी तिच्यात भरपूर ताकद शिल्लक असू शकते.

पायरी ३: डिस्कचा क्रमांक शोधा

कर्नल डिस्कला नावाने नाही, क्रमांकांच्या जोडीने ओळखतं. एलएसबीएलके ही कमांड चालवा आणि दुसरा रकाना बघा. एसडीए असेल तर ८:०, एसडीबी असेल तर ८:१६. एनव्हीएमई डिस्कांचा पहिला आकडा सहसा २५९ असतो.

मर्यादा संपूर्ण डिस्कला लागते, पार्टिशनला नाही. म्हणजे ८:० चालतं, ८:१ दिलं तर "असं उपकरण नाही" अशा अर्थाची चूक येते. नवख्यांचा इथे बराच वेळ जातो, कारण पार्टिशन समोर दिसत असतं आणि कर्नल ते नाकारत असतं.

पायरी ४: पहिला प्रयोग

आज बहुतेक वितरणांत सीग्रुपांचं झाड सिस्टमडी, म्हणजे सर्व्हिसा सुरू करणारी यंत्रणा, सांभाळते, म्हणून काम तिच्यामार्फत करणं सुरक्षित. चाचणीसाठी मर्यादा असलेलं एक शेल उघडू:

सुडो सिस्टमडी-रन --स्कोप --युनिट=चाचणी -पी "आयओराइटबँडविड्थमॅक्स=/डेव्ह/एसडीए १०एम" बॅश

मर्यादेचं नाव चार तुकड्यांचं आहे: आयओ, राइट, बँडविड्थ, मॅक्स. सगळे जोडून लिहायचे, आयओची दोन्ही अक्षरं मोठी आणि बाकी प्रत्येक तुकड्याचं फक्त पहिलं अक्षर मोठं. वाचनाची मर्यादा हवी असेल तर राइटच्या जागी रीड. डिस्कच्या नावाऐवजी एखाद्या फोल्डरचा मार्ग दिला तरी चालतो, ते फोल्डर कोणत्या डिस्कवर आहे हे सिस्टमडी स्वतः शोधते.

आता या शेलमध्ये ५०० एमबीची फाइल लिहा:

डीडी आयएफ=/डेव्ह/झीरो ओएफ=/व्हार/टीएमपी/चाचणी बीएस=१एम काउंट=५०० ओफ्लॅग=डायरेक्ट

फाइल /टीएमपीमध्ये ठेवू नका. अनेक यंत्रणांवर ते फोल्डर मेमरीत असतं आणि डिस्कला स्पर्शच होत नाही.

सुमारे ५२ सेकंद लागले तर मर्यादा लागली. ५० का नाही? सिस्टमडीचा एम म्हणजे १०,००,००० बाइट आणि डीडीचा एम म्हणजे १०,४८,५७६ बाइट. ५०० वेळा तो फरक साचला की दोन-अडीच सेकंद होतात.

पायरी ५: तोच प्रयोग, एक शब्द कमी

नीट समजून घ्यायची जागा हीच आहे. त्याच शेलमध्ये तीच कमांड पुन्हा चालवा, फक्त शेवटचं "ओफ्लॅग=डायरेक्ट" काढून टाका. पुरेशी मेमरी मोकळी असेल तर डीडी क्षणात संपेल आणि सेकंदाला शेकडो एमबी, कदाचित जीबीच्या वेगाचा आकडा दाखवेल. मग मर्यादा मोडली का?

नाही. साधा प्रोग्राम जेव्हा फाइलीत लिहितो तेव्हा मजकूर थेट डिस्कवर जात नाही. तो मेमरीतल्या पेज कॅशेत ठेवला जातो, कर्नल "लिहिलं" असं उत्तर देतं आणि डिस्कवर उतरवण्याचं काम मागाहून कर्नलच्याच एका धाग्याकडून होतं. पर्यायात "डायरेक्ट" लिहिलं की ही मधली पायरी वगळली जाते. म्हणून पहिल्या प्रयोगात खरा वेग दिसला.

पहिल्या पिढीतलं भोक ते हेच. मागाहून लिहिणारा धागा कर्नलचा, तुमच्या गटाचा नाही, म्हणून ते लिखाण मूळ गटाच्या (झाडाच्या मुळाशी असलेल्या गटाच्या) खात्यात जायचं आणि तुमच्या मर्यादेला लागायचंच नाही. बहुतेक प्रोग्राम असेच लिहितात. मग मर्यादा असून नसल्यासारखीच. माझ्या पहिल्या प्रयत्नात नेमकं हेच झालं होतं.

दुसऱ्या पिढीत प्रत्येक फाइलीचं प्रलंबित लिखाण कोणत्या गटाने केलं हे नोंदवलं जातं आणि उतरवताना त्याच गटाच्या मर्यादेत उतरवलं जातं. त्यासाठी दोन अटी आहेत. एक, गटावर डिस्क आणि मेमरी असे दोन्ही नियंत्रक (एकेका साधनाचा हिशेब ठेवणारे कर्नलचे भाग) चालू हवेत, कारण कॅशेतलं पान, म्हणजे मेमरीचा छोटा तुकडा, कोणाचं हे मेमरीचा नियंत्रकच सांगू शकतो. सिस्टमडीत मेमरीचा हिशेब मुळातच चालू असतो. दोन, फाइलसिस्टमला ही सोय कळायला हवी. एक्स्ट४, एक्सएफएस, बीटीआरएफएस, एफ२एफएस आणि एक्स्ट२ यांना ती कळते.

पडताळा घ्या. डीडी संपल्याबरोबर दुसऱ्या टर्मिनलवर ही फाइल दर सेकंदाला बघा:

वॉच -एन १ कॅट /सिस/एफएस/सीग्रुप/सिस्टम.स्लाइस/चाचणी.स्कोप/आयओ.स्टॅट

त्यात तुमच्या डिस्कच्या ओळीत "डब्ल्यूबाइट्स" हा आकडा असतो. लिखाण उतरायला लागलं की तो सेकंदाला साधारण एक कोटीने वाढेल, डीडी कधीच संपलेला असला तरी. मघाशी शेवटी बॅश चालवायला सांगितलं ते यासाठी: शेल उघडं आहे तोवर गट जिवंत राहतो आणि त्याचे आकडे बघता येतात.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. कोणताही प्रोग्राम स्वतः जो वेग दाखवतो त्यावर विश्वास ठेवू नका, आयओ.स्टॅट बघा. आणि गटाला मेमरीचीही मर्यादा द्या (मेमरीहाय या गुणधर्माने). प्रलंबित पानं किती साचू द्यायची हे कर्नल उपलब्ध मेमरीच्या टक्केवारीत ठरवतं आणि गटाला मेमरीची मर्यादा असेल तर ती टक्केवारी त्या मर्यादेवर मोजली जाते. मर्यादा छोटी असेल तर गट लवकर थोपवला जातो आणि डोंगर साचत नाही.

वाचनातही कॅशेची गंमत आहे. एकदा वाचलेली फाइल पुन्हा वाचली तर ती मेमरीतूनच मिळते आणि मर्यादेचा प्रश्नच येत नाही. वाचनाची चाचणी घेताना दर वेळी आधी कॅशे रिकामा करा: /प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस या फाइलीत रूट (मुख्य प्रशासक) म्हणून ३ लिहा. चालू सर्व्हरवर हे करू नका, पुढची काही मिनिटं सगळेच प्रोग्राम मंदावतात.

पायरी ६: एमबी मोजायचे की मागण्या?

मिनिटाला ७२०० फेऱ्यांची फिरती डिस्क एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांत पुरी करते. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, त्यात डोकं सरकण्याचा वेळ. विखुरलेल्या जागांवरच्या मागण्या असतील तर अशी डिस्क सेकंदाला साधारण शंभरच्या आसपास मागण्या पुऱ्या करते. प्रत्येक मागणी ४ केबीची असेल तर हा वेग झाला फक्त ४०० केबी.

आता अशा डिस्कवर तुम्ही गटाला ५० एमबीची मर्यादा घातली आणि गट लाखो बारीक फाइली चाळत असेल, तर ५० एमबीपर्यंत पोचायला त्याला सेकंदाला १२,२०० मागण्या लागतील. डिस्क शंभरावरच कोलमडलेली असेल. मर्यादेला कधी धक्काच लागणार नाही आणि डेटाबेस तसाच उपाशी राहील.

म्हणून दुसरी मर्यादा असते, मागण्यांच्या संख्येची: आयओरीडआयओपीएसमॅक्स आणि आयओराइटआयओपीएसमॅक्स. फिरत्या डिस्कवर हीच जास्त महत्त्वाची आहे. मी तिथे नेहमी दोन्ही लावतो, बाइटांची आणि मागण्यांची, कारण बॅकअप कधी मोठी फाइल ओढतो तर कधी बारीक फाइलींचा ढीग उपसतो. जी मर्यादा आधी गाठली जाईल ती लागू होते.

आकडा ठरवताना उलटं गणितही करा. २०० जीबीचा बॅकअप ५० एमबीच्या वेगाने ४००० सेकंदांत, म्हणजे सव्वा तासाच्या आत होतो. १० एमबीने त्याला साडेपाच तास लागतात आणि सकाळची वर्दळ सुरू झाली तरी तो चालूच असतो. मर्यादा कडक करून त्रास कमी होतोच असं नाही, कधी तो फक्त लांबतो.

पायरी ७: कायमची सोय

बॅकअप सिस्टमडीची सर्व्हिस म्हणून चालत असेल तर "सुडो सिस्टमसीटीएल एडिट बॅकअप.सर्व्हिस" ही कमांड द्या. उघडलेल्या फाइलीत चौकटी कंसात सर्व्हिस हे शीर्षक लिहून त्याखाली मर्यादेच्या ओळी टाका. पुढच्या वेळी सर्व्हिस सुरू होईल ती मर्यादेसकट.

चालू सर्व्हिस न थांबवता मर्यादा बदलायची असेल तर:

सुडो सिस्टमसीटीएल सेट-प्रॉपर्टी --रनटाइम बॅकअप.सर्व्हिस "आयओरीडबँडविड्थमॅक्स=/डेव्ह/एसडीए ५०एम"

"रनटाइम" दिल्यामुळे हा बदल यंत्र पुन्हा सुरू झालं की विसरला जातो. योग्य आकडा सापडेपर्यंत असंच करत राहावं.

बॅकअप क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सर्व्हिसमधून, चालत असेल तर तो बहुधा क्रॉनच्याच गटात असतो. क्रॉनच्या सर्व्हिसला मर्यादा लावू नका, सगळीच वेळापत्रकं आवळली जातील. क्रॉनच्या ओळीतली कमांडच सिस्टमडी-रनमध्ये गुंडाळा. कोणती प्रोसेस कोणत्या गटात आहे हे /प्रॉक/, मग प्रोसेसचा क्रमांक, मग /सीग्रुप या फाइलीत लिहिलेलं असतं.

अनेक सर्व्हिसांनी मिळून एकच वाटा वापरायचा असेल तर स्लाइस, म्हणजे त्या सर्व्हिसांचा वरचा गट, करा. स्लाइसला मर्यादा द्या आणि प्रत्येक सर्व्हिसमध्ये त्या स्लाइसचं नाव लिहा. झाडात वरच्या गटाची मर्यादा खालच्या सगळ्यांना मिळून लागते, त्यामुळे खालच्या कोणी आपल्यासाठी मोठा आकडा लिहिला तरी उपयोग नाही. कंटेनर वापरणाऱ्यांसाठी: डॉकरच्या रन कमांडला --डिव्हाइस-रीड-बीपीएस आणि --डिव्हाइस-राइट-बीपीएस हे पर्याय आहेत, ते शेवटी याच यंत्रणेला सांगतात.

आत नेमकं काय लिहिलं जातं

एकदा हाताने करून बघा, मग सिस्टमडी काय करते ते डोळ्यांना दिसतं. मूळ गटाच्या सीग्रुप.सबट्री_कंट्रोल या फाइलीत "+आयओ +मेमरी" लिहायचं. /सिस/एफएस/सीग्रुपमध्ये एक नवी डिरेक्टरी करायची. तिच्यात फाइली आपोआप उगवतात. त्यातल्या आयओ.मॅक्समध्ये एक ओळ लिहायची:

८:० आरबीपीएस=५२४२८८०० डब्ल्यूआयओपीएस=१२०

इथे एम-जी असे प्रत्यय न वापरता पूर्ण बाइट लिहावेत, हा आकडा ५० गुणिले १०,४८,५७६ चा आहे. मग सीग्रुप.प्रॉक्समध्ये प्रोसेसचा क्रमांक लिहिला की ती प्रोसेस गटात आली. तिची आधी जन्मलेली मुलं मात्र जुन्या गटातच राहतात, ती एकेक करून आणावी लागतात. "सुडो इको" करून पुढे बाणाने फाइलीत लिहायला गेलात तर परवानगी नाकारली जाईल, कारण बाणाचं काम तुमचं साधं शेल करतं. इकोचं आउटपुट "सुडो टी" या कमांडकडे पाठवा.

एक नियमही लक्षात ठेवा: ज्या गटाने आपल्या मुलांना नियंत्रक वाटले आहेत त्यात स्वतःच्या प्रोसेस ठेवता येत नाहीत, मूळ गट सोडून. प्रोसेस पानांवर, फांद्या मोकळ्या.

मर्यादा की वजन?

आयओ.मॅक्सचा एक दोष आहे. डिस्क पूर्ण मोकळी असली तरी गट मर्यादेपलीकडे जात नाही. मोकळी डिस्क वाया जाते. त्यावर पर्याय म्हणजे वजन, आयओवेट. ते १ ते १०,००० असतं, मुळात १००. डेटाबेसला १०० आणि बॅकअपला ५० दिलं तर दोघेही मागत असताना वाटा दोनास एक, आणि डेटाबेस गप्प असेल तर बॅकअपला सगळी डिस्क मोकळी.

पण वजन आपोआप लागू होत नाही. /सिस/ब्लॉक/एसडीए/क्यू/शेड्यूलर ही फाइल बघा, चौकटी कंसात जे असेल तो चालू शेड्यूलर. तो बीएफक्यू असेल तर वजन मानलं जातं. "नन" किंवा "एमक्यू-डेडलाइन" असेल आणि ५.४ आवृत्तीत आलेला आयओकॉस्ट नियंत्रकही बंद असेल, तर वजनाचा आकडा नुसता लिहिलेला राहतो. चूक येत नाही, इशारा येत नाही. फिरत्या डिस्कवर बीएफक्यू लावून वजन वापरणं मला आवडतं. वेगवान एनव्हीएमईवर बीएफक्यूचा स्वतःचा भार जाणवतो, तिथे मी मर्यादेनेच सुरुवात करतो.

मर्यादा फार घट्ट आवळू नका

एकाच फाइलसिस्टमवर बॅकअप आणि डेटाबेस दोन्ही असतील तर त्यांची जर्नल, म्हणजे फाइलसिस्टममधल्या बदलांची नोंदवही, सामायिक असते. एक्स्ट४ च्या नेहमीच्या पद्धतीत जर्नलचा एक टप्पा पुरा व्हायला त्या टप्प्यातल्या इतर फाइलींचं लिखाणही उतरावं लागू शकतं. बॅकअपच्या गटाला लिखाणासाठी १ एमबी दिलं असेल तर त्याचं रेंगाळलेलं लिखाण उतरेपर्यंत डेटाबेसची एफसिंकही (मजकूर डिस्कवर उतरवून घेण्याची मागणी) थांबून राहते. ज्याला वाचवायला निघालो त्यालाच अडवलं. लिखाणाची मर्यादा म्हणून सैल ठेवावी आणि जमेल तर बॅकअप वेगळ्या फाइलसिस्टमवर लिहावा. वाचनाची मर्यादा त्या मानाने निर्धास्त आवळता येते.

मर्यादा लावल्यावर पायरी २ मधले आकडे पुन्हा घ्या, आणि या वेळी गटागटाचे घ्या. प्रत्येक गटाच्या डिरेक्टरीत स्वतःची आयओ.प्रेशर फाइल असते. बॅकअपच्या गटातला दाब वाढलेला दिसेल, तो वाढायलाच हवा. डेटाबेसच्या गटातला दाब उतरला असेल तर आकडा बरोबर आहे. दोन्हीकडे वाढला असेल तर बहुधा जर्नलची गाठ पडली आहे, लिखाणाची मर्यादा दुप्पट करून पुन्हा बघा. मर्यादा काढून टाकायची असेल तर त्याच गुणधर्मापुढे बरोबरचं चिन्ह देऊन जागा रिकामी सोडा, किंवा आयओ.मॅक्समध्ये आकड्याच्या जागी "मॅक्स" हा शब्द लिहा.